निळे धागे

धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. शाळेच्या बाई पोरांना नदीच्या पाण्यातले प्लॅस्टिकचे बारीक कण शोधायला शिकवत होत्या. पोरांनी माझं मासेमारीचं जाळं मागितलं. त्याच्या घड्या घालून आम्ही नदीचं पाणी गाळलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळे धागेच धागे दिसले! वर्ग नाचायला लागला. उद्याच्या तालुक्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच!

वर्गातली तबस्सुम तेवढी जाळं निरखत होती. "आजोबा, रागावू नका. पण तुमचं जाळंही निळंच आहे."

बाईंनी शाळेच्या माठातलं बोअरचं पाणी त्याच जाळ्यातून गाळलं. तेच धागे! पोरांची तोंडं उतरली. आता उद्या दाखवायचं काय?

माझी कारभारीण हौसा जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होती. "अहो, पाणी गाळायला जाळं? मासे पिणार आहात का?" असं म्हणत तिने डब्याला बांधलेलं जुन्या लुगड्याचं सुती जुनेर सोडून आमच्या हातात दिलं.

त्यातून आधी माठाचं पाणी गाळलं. प्लॅस्टिक नाही. मग पोरं नदीकडे धावली, त्यांच्यामागे मीही धावलो. या खेपेला लाल, हिरवे, पांढरे तुकडे निघाले. "सापडलं! हे खरंच नदीतलं!" तबस्सुम ओरडली.

हौसा शाळेत कधी पाऊल टाकत नसे. पोरांनी तिला ओढत आत नेलं. "अगं बया, नदीचं पाणी म्हणून एवढं सगळं आपण घरी पितो?" म्हणाली, आणि काही केल्या सूक्ष्मदर्शकावरून डोळा हलवीना.

त्याच वर्षी, पौषात, हौसा वारली. त्या वर्षाची आठवण निघाली की मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेली हौसाच दिसते.