काढ्याचा गुण

मावशी आणि भाची, दोघींना एकच आजार: शरीर स्वतःवरच उलटलेलं. मावशी शिवणकाम करायची. थोरल्या बहिणीच्या आग्रहाखातर तिने डॉक्टरांच्या गोळ्या सोडून काढा धरला आणि सांधे इतके सुजले, की कात्री धरवेना. शेवटी तिने गुपचूप गोळ्या पुन्हा सुरू केल्या. बहिणीचं मन मोडायला नको म्हणून बोलली मात्र नाही.

दोन महिन्यांत शिलाई मशीन पुन्हा धडधडू लागलं. बहिणीला आभाळ ठेंगणं झालं.

आज सकाळी ती लेकीला घेऊन दारात उभी राहिली. पोरीचे डोळे सुजेने मिटत आले होते, पावलं चपलेत मावत नव्हती.

“तुला गुण आला, म्हणून हिच्याही गोळ्या बंद केल्या गं,” बहीण म्हणाली. “आधी त्रास वाढतोच ना? तूच सांग तिला.”