शॉवरला पंप

लग्न होऊन आल्यापासून तिच्या बाथरूममधला शॉवर नुसता ठिबकायचा. केस धुवायचे तर डोक्याला फेस तसाच ठेवून बादली भरायची वाट बघत बसावं लागे. पलीकडे सासूबाईंच्या बाथरूमला मात्र धो धो पाणी. तिने कुरकुर केली की सासूबाई तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "हिच्या माहेरी जसा काही धबधबाच होता."

शेवटी, घरात कधी तोंड न उघडणाऱ्या नवऱ्याने आपणहून पंप आणला. कुणीतरी आपली बाजू घेतली म्हणून तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

प्लंबर आधी गच्चीवर टाकी बघायला गेला आणि तिथूनच ओरडला, "ताई, आता सोडून बघा." तिने शॉवर सोडला. पाणी असं कोसळलं की ती खांद्यापर्यंत भिजली आणि हसतच सुटली.

"पंप परत करा, साहेब," प्लंबर खाली येऊन नवऱ्याला म्हणाला. "तुमच्या लाइनचा कॉक कुणीतरी जवळजवळ बंद करून ठेवला होता."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. नवरा गच्चीवर गेला. तिचा हात अजून शॉवरखालीच होता. बघता बघता धार बारीक झाली आणि पाणी पुन्हा ठिबकायला लागलं.

नवरा खाली आला. "पंप बसवूनच टाका," तो प्लंबरला म्हणाला.



मग तिच्याकडे न बघता, हळू आवाजात, "कॉक आईने बंद केलाय. उघडला तर तिला वाईट वाटेल."