चहाला नाही

"नाना, चहा घेणार ना?"

कीबोर्डवर ठेवलेला नानांचा हात थरथरला, एक बटण खटकन दबलं आणि नव्या कॉम्प्युटरने ठणठणीत आवाजात सांगितलं, "नाही."

"ऐकलंत?" ताई दुरुस्तीवाल्याला म्हणाली. "कालपासून हेच चाललंय. खिडकी उघडू? नाही. रेडिओ लावू? नाही. ते एक वेळ सोडा, पण चहाला नाही? आमचे नाना भर झोपेत चहा विचारला तरी उठून बसायचे."

दुरुस्तीवाला वायर बघत होता. कीबोर्ड नानांच्या औषधाच्या दुकानातला, बिलं करायचा, गोल पिनेचा. त्याच्या एकेका बटणावर अख्खं वाक्य बसवता यायचं आणि ते कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत राहायचं. कंपवाताने नानांचा आवाज गेला, अक्षर गेलं. मान तर सारखी अशी डुलायची की हो म्हणताहेत की नाही, ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. हातात थोडं बळ होतं तेव्हाच नानांनी एकेका बटणावर शब्द भरून ठेवले होते. बटण दाबलं की शब्द कॉम्प्युटरवर उमटायचा आणि कॉम्प्युटर तो वाचून दाखवायचा.

पुढे हात आखडत गेला तशी लांबची बटणं सुटली. पंजाखाली दोनच उरली, शेजारी शेजारी. एक 'हो'चं, एक 'नाही'चं. वरची अक्षरं केव्हाच झिजली होती. कुठलं कोणतं ते नानांच्या बोटांना ठाऊक होतं. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं.

गेल्या आठवड्यात जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. नेमके त्याच आठवड्यात डॉक्टर घरी आले आणि नानांच्या उशाशी बसून बोलले. मेंदूचं ऑपरेशन. जमलं तर हाताची थरथर थांबेल, कदाचित आवाजही परत येईल. नाही जमलं तर टेबलावरून उठणार नाहीत.

"त्यांना सगळं कळतंय," डॉक्टर निघताना म्हणाले. "तेव्हा ठरवायचं त्यांनी. ते स्वतः हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

ताईच्या धाकट्या भावाने धावपळ करून नवा कॉम्प्युटर आणला, तर त्याला गोल पिनेची जागाच नाही. बाजारातून जोडायचा कन्व्हर्टर आणला, तर आधी भलतीच अक्षरं उमटली आणि मग हे 'नाही', 'नाही' सुरू झालं. धाकट्याने ऑपरेशनचं विचारलं, तेव्हाही नाही. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला होता. एका यंत्रापायी बाप हातचा जायचा, अशी ताईला तेव्हापासून भीती वाटत होती.

"जुना कीबोर्ड, नवा कॉम्प्युटर. दोघांची भाषा वेगळी," दुरुस्तीवाला म्हणाला. "मधला कन्व्हर्टर म्हणजे दुभाष्या. तुमचा दुभाष्या अर्धवट निघाला." त्याने पिशवीतून स्वतःचा काढून लावला. "विचारा आता."

"नाना, चहा?"

"नाही."

धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला.

"मग मेमरीतच घोटाळा झालाय." दुरुस्तीवाल्याने नानांचा पंजा अलगद उचलला. "आत्ता त्यांनी हे दाबलं. हे 'हो'चं की 'नाही'चं?"

ताईला विचारही करावा लागला नाही. "अहो, चहा विचारलाय त्यांना. 'हो'चंच असणार."

"मग यात 'हो' भरतो. बाकी कशाला हात लावत नाही, त्यांनी स्वतः बसवलेलं आहे." त्याने काम उरकलं. "हे शेजारचं बघून घेऊ का?"

"राहू द्या," धाकटा म्हणाला. "'नाही' हवंय कुणाला आता?"

ताई कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. तिने नानांचा पंजा परत जागेवर ठेवला.

"नाना, चहा?"

"हो."

धाकट्याने लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि तो कीबोर्डशेजारी ठेवला. मग नानांच्या पायाशी बसून त्याने विचारलं, "नाना, ऑपरेशन करायचं ना?"

"हो."

नाना थांबले. बोट पुन्हा खाली आलं. "हो." मग नाना बोट आपटतच राहिले. "हो. हो. हो."

"बघ ताई, किती घाई झालीय त्यांना!" धाकटा म्हणाला.

नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताईने ते पुसलं, मग स्वतःचे डोळे पुसले आणि चहा करून आणला. चमचा ओठांना लावला, तर त्यांनी तोंड उघडलं नाही. चहा हनुवटीवरून कीबोर्डवर ओघळला. फार गरम असेल, असं म्हणून ती कप घेऊन आत गेली.

ऑपरेशनच्या दिवशी ताई कीबोर्ड न्यायला घरी आली. शुद्धीवर आल्याबरोबर नानांना बोलायला तो लागणार होता. ओल्या फडक्याने ती चहाचे डाग पुसत होती, तेवढ्यात धाकट्याचा फोन आला.

"आत नेलं. दार बंद झालं."

"सगळं नीट होईल," ताई म्हणाली.

चहा आत गेला नसेल ना, म्हणून वायर काढण्याआधी तिने कॉम्प्युटर चालू केला. नानांचं बटण दाबलं.

"हो."

तिला बरं वाटलं. आता शेजारचं, दुरुस्तीवाल्याने हातही न लावलेलं. 'नाही'ही चालू असलेलं बरं, असं मनाशी म्हणत तिने ते दाबलं.

कॉम्प्युटरने त्याच ठणठणीत आवाजात सांगितलं, "हो."