क्लाइव्हचे कंद

इंग्लंड सोडून सायप्रसला आल्यावर क्लाइव्हने हौसेने अंगणात सायक्लेमेनचे कंद लावले आणि पहिली फुलं बघून मार्चमध्ये तो अचानक वारला. मे महिन्यात पानं पिवळी पडू लागली, तशी त्याची बायको हिलरी दोन्ही वेळा पाणी घालू लागली. खत घातलं, वर जाळी बांधली; तरी जूनअखेर एक पान उरलं नाही. "या देशात काही जगायचंच नाही!" म्हणत तिने रागारागाने वाफा उकरला, कंद कचऱ्यात फेकले आणि तिथे फरशी बसवून घेतली.

ऑक्टोबरात शेजारच्या मारूला नावाच्या आजी कुंपणावरून हिलरीला हसत म्हणाल्या,

"क्लाइव्हचे कंद उठले का गं? उन्हाळाभर झोपून राहतात मेले. माझे आजच जागे झाले!"