दोन टाक्यांपुरतं

"लगीन कुणाचं हाय, मावशी?" काकासाहेबांनी विचारलं. क्रांती चौकाजवळ त्यांचं जनरेटरचं दुकान. पिशोरकडच्या खेड्यातलं माणूस जनरेटर बघायला आलं म्हणजे मांडव ठरलेला, हा त्यांचा आजवरचा अनुभव.

"लगीन नाय. फिराया चाललोय," सारजाबाई म्हणाली. "मी आन् आमचे हे."

काकासाहेबांनी दारात उभ्या टेम्पो ट्रॅव्हलरकडं पाहिलं. आतल्या सीटा काढून पलंग टाकलेला, कोपऱ्यात शेगडी, खिडक्यांना जुन्या चादरींचे पडदे. पलंगावर तिचा नवरा पुंजाराम बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. मशीन तूर्त गाडीतल्या बॅटरीवर घुरघुरत होतं. स्टिअरिंगवर भाची रूपा. ती एरवी शाळेची व्हॅन चालवायची, सुट्ट्या लागल्यामुळं मोकळी होती.

पुंजारामनं उभा जन्म अद्रक पिकवली. ट्रक बांधावर येऊन भरायचे आणि इंदूर, जयपूर, दिल्लीकडं निघून जायचे. अद्रक सगळा मुलूख हिंडली, पिकवणारा मात्र कन्नडच्या घाटाखाली उतरला नाही. आता फुप्फुसं थकली, तर मशीनची वायर पोचेल तेवढंच त्याचं जग उरलं. आपली अद्रक कुठं कुठं जाते ते एकदा बघायचं, एवढं एकच तो खाटेवरून म्हणत राहायचा. लाईट आपली आपण बनवायची सोय झाली तर ते जमण्यासारखं होतं.

मुलगा इंद्रजीत कंपनीतून सुट्टी टाकून आला होता. या जाण्याला तो पहिल्यापासून आडवा आलेला. डॉक्टर, ऊन, रस्ते, सगळी कारणं वापरून झाली होती. आज मात्र अगदी लोण्यासारखा मऊ बोलत होता.

"आई, गॅसवरचंच घे. पेट्रोलला धूर जास्त. बापूंच्या छातीला तो सोसायचा नाही. शिवाय पेट्रोलचे कॅन गाडीत बाळगायचे म्हणजे जिवाला घोर."

बोलणं खोटं नव्हतं. काकासाहेबांनीही मान डोलावली. गॅसचं मशीन साफ चालतं, म्हणाले. सारजाबाईला तर मशीनपेक्षा पोराचंच अप्रूप वाटलं. इतक्या दिवसांनी ते आपल्या बाजूनं बोलत होतं. ती हो म्हणणारच होती. गॅसच्या मशीनवरची धूळसुद्धा तिनं पदरानं पुसली.

तेवढ्यात इंद्रजीतनं काकासाहेबांना बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाला, "घरच्या गॅसच्या दोन टाक्या आहेत. तेवढ्यात जाऊन जाऊन कुठं जातील? फार तर इंदूर. बाहेरगावी यांना बिगर कार्डाची टाकी कोण देतंय? संपल्या की येतील गुपचूप माघारी."

सारजाबाईचा हात मशीनवरच राहिला. गाईचं दावं लांब सोडलं की गाय चरत राहते आणि मालक निर्धास्त झोपतो. पोटचं पोर तिला दावं मोजून देत होतं. तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"काकासाहेब, पेट्रोलचं काढा."

"अगं आई, आत्ता तर तू गॅसचं..."

"आत्ता तर म्या तुझं बोलणं ऐकलं नव्हतं."

इंद्रजीतचा चेहरा पडला. मग आवाज चढला. "आणि धूर कुणी खायचा? बापूंनी?"

सारजाबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. "धुराला काय करत्यात, काकासाहेब?"

"मशीन गाडीत लावायचंच नाय, मावशी. गॅसचंबी नाय आन् पेट्रोलचंबी नाय. खाली उतरवायचं, लांब ठिवायचं, वारं बघून."

"मंग वायर लई लांब द्या. पेट्रोल पंप दिल्लीतबी हाय आन् दिल्लीच्या म्होरंबी. तिथं कुणी कार्ड नाय मागत."

"रस्त्यात काही बरंवाईट झालं म्हणजे? लोक माझ्या तोंडात शेण घालतील, आई!"

"घालू दे. खाटंवर निजून काय अमरपट्टा मिळतोय व्हय त्यास्नी? दोन वरीस नुसतं भिताड बघायलेत. मरायचंच आसंल तर मुलूख बघत मरतील."

बोलली खरी, पण भीती काय एकट्या पोरालाच होती?

काकासाहेबांनी पेट्रोलचं मशीन बाहेर काढलं. टाकीत पेट्रोल ओतलं, लांब वायर जोडून तिचं टोक सारजाबाईच्या हातात दिलं आणि दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला मशीननं असा दणका उडवला की समोरचा चहावाला हातातली किटली ठेवून बघायला आला.

वायरचं टोक घेऊन ती गाडीकडं निघाली. इंद्रजीत तिच्या मागोमाग गाडीपर्यंत आला. "आई, परत कधी येणार, तेवढं तरी सांग!"

सारजाबाईनं कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येत नाही.

त्यानं पुन्हा विचारलं, गळ्याच्या शिरा ताणून. येणारे जाणारे वळून बघायला लागले. तिनं पुन्हा मान हलवली.

"आगं, लाव की!"

खिडकीतून पुंजारामचा दमलेला, बारीक आवाज आला. त्यानं ऑक्सिजनच्या मशीनची पिन बॅटरीतून उपसून तिच्या हातातल्या वायरीसाठी खिडकीबाहेर धरली होती.

ते मात्र तिला पहिल्याच हाकेत ऐकू आलं.