बारा मिनिटं

सोनखेडीच्या नगराध्यक्षा पुष्पाबाईंनी बंबाचा ड्रायव्हर कचरू याला सभागृहात बोलावलं, तेव्हा दोन गावांचे मिळून चौतीस नगरसेवक मान वळवून त्याच्याकडे बघू लागले. सोनखेडीचे उजवीकडे, वाकदऱ्याचे डावीकडे. मध्ये टेबलावर करार. वाकदऱ्याची गटार उपसायची गाडी आणि सोनखेडीचा अग्निशमन बंब यापुढे दोन्ही गावांनी मिळून वापरायचा, आणि दोन्ही मुख्याधिकाऱ्यांच्या सहीशिवाय आगीखेरीज कशालाही बंब हलवायचा नाही, इथवर सगळं ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. बंब उभा कुठं करायचा?

वाकदऱ्यात नवी शेड होती, शेजारी विहीर होती आणि आजूबाजूची अकरा खेडी तिथून जवळ पडत होती. पण सोनखेडीला बंब म्हणजे घरचा पाहुणा. लग्न निघालं की मांडवापुढची धूळ बसवायला बंब हजर. शाळेचं गॅदरिंग असो की पुढाऱ्याची सभा, उपाध्यक्ष भगवंतरावांचा फोन आला की कचरू निघालाच. असा थाट नांदुऱ्यासारख्या मोठ्या गावातल्या लग्नातही दिसत नाही, असं भगवंतराव व्याह्यांना ऐकवत.

कचरूचा स्वतःचा थाट मात्र गेल्या वैशाखात उतरला. कडूबाची कापसानं भरलेली खोली जळून खाक झाली. चौकशीत लिहिलं गेलं, बंब उशिरा पोहोचला. कचरूनं खाली मुकाट सही केली. चौदा वर्षं बंब चालवणाऱ्या माणसाला गाव तेव्हापासून 'उशिरा कचरू' म्हणू लागलं. हसण्यावारी न्यायचा तो, पण आतून जीव जळायचा. कडूबाच्या घरावरून जायचं तर तो लांबचा रस्ता धरायचा. आज नेमका कडूबाच मागच्या बाकावर येऊन बसला होता.

सकाळी भगवंतरावांनी त्याला घरी बोलावून चहा पाजला होता. फक्त दोन आकडे सांग आणि गप उभा राहा, असं बजावलं होतं. पुढच्या महिन्यात कचरूचं कंत्राट नव्यानं व्हायचं होतं. त्याचीही त्यांनी जाता जाता आठवण करून दिली होती.

"सांग बे कचरू," भगवंतराव उठून म्हणाले, "गावात आग लागली अन् बंब इथंच असला, त किती वेळात पोचते?"

"चार मिनिटांत."

"अन् वाकदऱ्याहून?"

"बारा."

भगवंतरावांनी सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. उजवीकडची बाकं दणाणली. पुष्पाबाईंची आठ महिन्यांची धावपळ दोन आकड्यांत पाण्यात जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कचरूला जायला सांगितलं.

कचरू गेला नाही. त्यानं वर्षभरात पहिल्यांदा कडूबाच्या डोळ्याला डोळा दिला. मग तो पुष्पाबाईंकडे वळला.

"कडूबाच्या दारात मी चौथ्याच मिनिटाले होतो, बाई. पाइप सोडला त नुसती हवा निघाली. सगळं पाणी सकाळीच भगवंतरावांच्या पोरीच्या मांडवापुढं शिंपडून झालं होतं."

बाकं वाजायची थांबली. भगवंतराव काही बोलायला गेले आणि कडूबा उभा राहिलेला पाहून खाली बसले. पुष्पाबाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"वाकदऱ्याहून बारा मिनिटं लागतीन," कचरू म्हणाला. "पण टाकी भरलेली असन."