हास्यक्लबचा फोटो

महापालिकेच्या जनसुनावणीत पडद्यावर फोटो आला, तेव्हा कुमुदिनी केळुसकरांना आधी स्वतःची जांभळी साडी ओळखू आली. कालव्याकाठच्या उद्यानात त्यांचा हास्यक्लब हात वर करून हसत होता. खाली लिहिले होते: ‘नव्या दुकान-फ्लॅट संकुलाला रहिवाशांचा पाठिंबा.’

“साहेब, हा आमचा रोजचा व्यायाम आहे. संकुलामुळे आमची चालायची वाट जाईल,” त्या म्हणाल्या.

“काकू, फोटोत रडताना तर दिसत नाही तुम्ही,” बिल्डरचा माणूस म्हणाला. सभागृह हसले. क्लबप्रमुख वर्तकही हसले. “बसा हो, संकुलात तळमजल्यावर क्लबला हॉल मिळतोय,” ते कुजबुजले.

दुसऱ्या सकाळी उद्यानात वर्तकांनी हाक दिली, “हात वर. हसा.” समोर पुन्हा बिल्डरचाच फोटोग्राफर उभा होता. सगळ्यांचे हात वर गेले. कुमुदिनीबाई मात्र पहिल्या रांगेत, हात पाठीमागे घट्ट बांधून, न हसता उभ्या राहिल्या.